सागाचा भुसा, नागपूरचा उन्हाळा आणि तोंडावरचा मास्क

नागपूरच्या महाल भागातला आमचा जुना वाडा २०२१ च्या डिसेंबरात उतरवला, तेव्हा वाटणीत भावांनी तांब्या-पितळेची भांडी घेतली आणि मी लाकूड मागितले. चौकटी, तुळयांचे तुकडे, जिन्याचा कठडा आणि दारांच्या जाड फळ्या असे दोन टेम्पो भरून सागवान मानेवाड्यातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडले. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केल्यामुळे माप आणि काटकोन यांची सवय होती. रंधा आणि पटाशी मात्र निवृत्तीनंतरच हातात आली. या लाकडातून आजवर दोन बाके, पुस्तकांचे एक कपाट, झोपाळ्याची पाटी आणि नातेवाइकांत वाटलेली कितीतरी पोळपाट-लाटणी झाली. ती कशी झाली हे सांगण्याचा येथे उद्देश नाही. हे काम करताना डोळे, नाक आणि चेहरा यांवर काय लावावे हे ठरवायला मला सुमारे दोन वर्षे लागली, आणि त्या काळात जे विकत घेतले त्यातले निम्मे आज माळ्यावर पडून आहे, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात अर्थातच दुपट्ट्याने झाली. नागपुरात एप्रिल लागला की डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी भर दुपारी दुचाकी काढत नाही, त्यामुळे धूळ आणि ऊन या दोन्हींवर तोच उपाय, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळलेली असते. सँडर, म्हणजे पॉलिश पेपर फिरवून लाकूड घासणारे यंत्र, चालवताना मी तोच दुपट्टा दुहेरी घडी करून नाकावर आवळत असे. पहिल्या बाकाची बैठक घासून झाली त्या संध्याकाळी नाक शिंकरले, तर पांढऱ्या रुमालावर पिवळसर तपकिरी डाग उमटला, अगदी सागाच्या रंगाचा. दुपट्ट्याच्या विणीतून भुसा येत नाही, पण भुकटी सहज येते, आणि पॉलिश पेपरने उडते ती भुकटीच. जमिनीवर पडलेला भुसा दिसतो म्हणून आपण त्याला धूळ म्हणतो. छातीत उतरतो तो कण डोळ्यांना दिसत नाही आणि मशीन बंद केल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतो.

त्या डागाची गोष्ट मी हसण्यावारी नेली होती. नंतर थोडे वाचले तेव्हा कळले की जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि यातला मुख्य धोका नाक व नाकालगतच्या पोकळ्यांचा आहे. हा निष्कर्ष वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांच्या पाहणीवरून निघालेला आहे, आठवड्यातून चार सकाळी घासकाम करणाऱ्या निवृत्त माणसाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या लाकडाचे आणखी एक प्रकरण होते. वाड्याच्या दारांवर तैलरंगाचे चार-पाच थर होते, आणि जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ चा, तो लागू झाला २०१७ मध्ये, आणि आमच्या दारावरचा शेवटचा हिरवा हात माझ्या मुंजीच्या आधीचा. तो रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, असे मी ठरवले. तरी कोपऱ्यांत पेपर फिरवावाच लागे.

तरीही पहिली खरेदी नाकासाठी झाली नाही, ती डोळ्यासाठी झाली, कारण डोळ्याने वाट पाहिली नाही. मार्चमध्ये एका चौकटीवर विजेचा रंधा फिरवत असताना पाते लाकडात खोल मोडलेल्या खिळ्यावर गेले. एक ठिणगी दिसली आणि उजव्या डोळ्यात टोचल्यासारखे झाले. मी चष्मा लावला होता. संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासपेठेत नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तर त्यांनी बधिर करणारे थेंब घालून, यंत्राला हनुवटी टेकवायला लावून, सुईच्या टोकाने लोखंडाचा कण काढला. कणाभोवती गंजाचे बारीक कडे धरले होते, तेही खरवडावे लागले. चष्मा असताना कण आत गेला कसा, हा माझा प्रश्न होता. डॉक्टरांनी माझाच चष्मा हातात घेतला, बाजूने डोळ्यासमोर धरला आणि चेहरा व काडी यांच्यातल्या मोकळ्या जागेत आपली करंगळी घालून दाखवली. एवढ्यावर त्यांचे व्याख्यान संपले, आणि मला ते पुरले.

इतवारीतल्या लोहा ओळीत सेफ्टीचे सामान मिळते. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "वेल्डिंगचा पाहिजे का ग्राइंडिंगचा?" सुतारकामाचा म्हटल्यावर तो जरा थांबला, कारण सुतार हे सामान घ्यायला त्याच्याकडे फारसे येत नाहीत. त्याने समोर ठेवलेला पहिला गॉगल साठ रुपयांचा होता, मऊ प्लास्टिकचा, कडेने भोके पाडलेला. मी तो घेतला आणि आठवडाभरात टाकला. सरळ भोकांतून ढलपे येत नाहीत, पण भुकटी येते. आणि चष्म्यावरून घातल्यावर तो चष्म्याच्या काड्या कानशिलात असा रुतवी की वीस मिनिटांनी डोके ठणकू लागे. दुसरा घेतला तो चष्म्यावर घालण्यासाठीच बनवलेला, आडव्या वळणाच्या खाचांतून हवा घेणारा. त्यात धूळ येईना, पण दोन काचा एकावर एक आल्याने रेघ दुहेरी दिसू लागली. आरेखकाला याहून मोठी शिक्षा नाही.

या खटाटोपात काचेवरच्या खुणा वाचायला शिकलो, तेवढा फायदा झाला. ईएन १६६ या युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेल्या काचेवर एखादे अक्षर कोरलेले असते. एफ असेल तर ६ मिलिमीटर व्यासाची, एक ग्रॅमहूनही हलकी पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी काच टिकते. बी असेल तर हाच वेग १२० मीटर असतो. काड्यांच्या चष्म्याला एफच्या वर अक्षर मिळत नाही. बी हवे असेल तर पट्ट्याचा गॉगल किंवा पूर्ण चेहऱ्याची ढाल घ्यावी लागते. ज्या मालावर कसलीच खूण नसते त्याविषयी दुकानदार "अनब्रेकेबल आहे" असे सांगतो, आणि त्या शब्दाला कोणतेही माप नसते.

शेवटी जो उपाय टिकला तो सीताबर्डीतल्या एका चष्मेवाल्याकडे झाला. बाजूला पारदर्शक झडपा असलेली सेफ्टीची फ्रेम मी नेली आणि तिच्यात माझ्या नंबरच्या पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकच्या काचा बसवून मागितल्या. फ्रेमही सेफ्टीचीच असावी लागते, कारण साध्या फ्रेममध्ये काच फुटली नाही तरी आघाताने मागे निसटून डोळ्यावर येऊ शकते. माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, त्यात जवळचे पाहायला काचेच्या तळातून पाहावे लागते, आणि बाकावर वाकून काम करणारा माणूस तळातून पाहू गेला तर मान मोडते. म्हणून घरी स्टीलच्या पट्टीने डोळ्यापासून बाकावरच्या फळीपर्यंतचे अंतर मोजले. उभ्याने ६८, वाकून ५२ सेंटिमीटर भरले. हे आकडे चिठ्ठीवर लिहून नेले आणि फक्त ६० सेंटिमीटरसाठी एकच नंबर काढून घेतला. चष्मेवाल्याने चिठ्ठी पाहून मला नोकरी कुठे होती ते विचारले. त्या चष्म्याने दूरचे धूसर दिसते, फाटकाशी कोण आले ते ओळखता येत नाही, पण करवतीची रेघ अशी स्वच्छ दिसते की आता साधा चष्मा लावून शेडमध्ये शिरायची इच्छाच होत नाही. सुरक्षेच्या वस्तूने कामात भर घातली असे मला प्रथमच वाटले, आणि पुढच्या सगळ्या निवडीत मी हेच पाहू लागलो की ही वस्तू मला काढावीशी वाटते की नाही.

कारण वाईट मास्कचा खरा दोष असा की तो तोंडावर राहत नाही. करोनाच्या काळातले कानात अडकवायचे मास्क घरात डबाभर उरले होते. ते लावले की कानामागे रग लागते, बोलताना नाकावरून घसरतात, आणि प्रत्येक वेळी वर ओढताना हाताची भुकटी आतच जाते. आरशात पाहिले तर गालाशी दोन्ही बाजूंना फट. पुढे डोक्यावरून दोन पट्टे जाणारे एन-९५ मास्क आणले, एक पट्टा टाळूवर आणि दुसरा कानांखालून मानेवर. फरक ताबडतोब जाणवला. एन-९५ मधले ९५ म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडणे. एफएफपी-२ या युरोपीय वर्गात हा आकडा ९४ असतो, आणि आपल्या आयएस ९४७३ या मानकातही मास्कच्या अशाच पायऱ्या आहेत. परंतु ही टक्केवारी कापडाची आहे, चेहऱ्याची नाही. कडेने फट राहिली की हवा कापडातून कशाला जाईल, ती सोपी वाट धरते. दोन्ही तळहातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा आणि नाकाशी किंवा गालाशी वारा लागतो का ते पाहायचे, ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि तिने माझी निवृत्तीनंतर हौसेने राखलेली दाढी घालवली. मिशी चालते, कारण ती मास्कच्या आत राहते. दाढीच्या खुंटांवर मात्र मास्कची कड कधीच बसत नाही. सौभाग्यवतींना तीन वर्षे जे जमले नव्हते ते एका मास्कने केले, असे त्या अजूनही पाहुण्यांना सांगतात.

मास्कवरच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे श्वास सोडायच्या झडपेचा, प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने व्हॉल्व्हच्या एन-९५ मास्कविरुद्ध राज्यांना पत्र पाठवले होते, आणि तेव्हापासून तो मास्क वाईट अशी गाठ मनात बसली होती. पण त्या पत्राचा रोख असा होता की व्हॉल्व्हमधून आपला उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो आणि समोरच्याला संसर्ग होऊ शकतो. शेडमध्ये समोर माणूस नसतो, लाकूड असते. आत येणारी हवा कापडातूनच गाळली जाते, आणि बाहेर जाणारी गरम, दमट हवा त्या छोट्या झडपेतून निघून जाते. एप्रिलच्या सकाळी मी आधी बिनव्हॉल्व्हचा आणि मग व्हॉल्व्हचा मास्क अर्धा-अर्धा तास लावून एकच फळी घासली. पहिल्यात ओठांवर घाम साचून मीठ लागू लागले, दुसऱ्यात ते झाले नाही. त्यानंतर बिनव्हॉल्व्हचे सगळे देऊन टाकले.

एक चूक येथे नोंदवून ठेवतो. एकदा काटकसर म्हणून एन-९५ साबणाच्या पाण्यात बुडवून, गच्चीवर वाळवून पुन्हा वापरला. दिसायला नव्यासारखा होता, तपासणीतही नीट बसला, पण संध्याकाळी रुमालावर पुन्हा तोच सागाचा रंग. या मास्कचे कापड बारीक कण पकडते ते बऱ्याच अंशी धाग्यांवरच्या स्थिर विद्युतभाराने, आणि धुतल्यावर तो भार जातो. मग कापड उरते, गाळणी उरत नाही.

रोज एक मास्क टाकायचा म्हटल्यावर हिशेब घातला आणि रबरी अर्धमुखी मास्ककडे वळलो, ज्याच्या दोन्ही गालांशी गाळणीच्या चकत्या लावता येतात. मी थ्रीएम कंपनीचा ७५०० मालिकेतला सिलिकॉनचा घेतला. तो लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत, ७५०१, ७५०२ आणि ७५०३ या क्रमांकांनी मिळतो. माझे डोके मोठे, टोपी मोठी लागते, म्हणून मोठाच मागवला आणि पैसे वाया घालवले. या मास्कचे माप डोक्यावरून ठरत नाही. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंतच्या लांबीवर आणि गालांच्या रुंदीवर ठरते, आणि तेथे मी मध्यमच निघालो. चकत्या पी-१०० वर्गाच्या, गडद गुलाबी रंगाच्या आहेत, आणि त्या ९९.९७ टक्के कण अडवतात. पहिल्यांदा तो लावला तेव्हा वाटले की एवढा अवजड प्रकार लावून पाच मिनिटेही काम होणार नाही. झाले उलटेच. दोन चकत्यांचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे श्वास ओढायला कमी जोर लागतो, मऊ सिलिकॉन नाकावर काचत नाही, आणि उच्छ्वासाची झडप खाली तोंड करून असल्यामुळे हनुवटीशी साचलेला घाम तेथूनच ठिबकतो. घाम टिपायला मी सुरुवातीला आत सुती रुमालाची घडी ठेवत असे. तो रुमाल कडेखाली आला की फट पडते हे लक्षात आल्यावर ते बंद केले, आणि त्याऐवजी दर तासाला मास्क काढून, शेडबाहेर येऊन, तोंड गार पाण्याने धुतो. धुण्याचे आणखी एक कारण आहे. सागात लॅपाकॉल आणि डीऑक्सिलॅपाकॉल यांसारखी द्रव्ये असतात, त्यांनी काहींची त्वचा खाजते, आणि घामाने ओल्या कडेखाली भुकटी अडकली की माझ्या गालांवर मास्कच्या आकाराचे लाल कडे उठते.

आता काचेवर धरणाऱ्या वाफेविषयी, कारण या एका गोष्टीवर मी सर्वांत जास्त पैसे घालवले आणि ती सर्वांत उशिरा समजली. दुकानदार वाफ न धरणारे गॉगल विकतात, त्यासाठी फवारे मिळतात, भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून पुसण्याचा घरगुती उपायही आहे आणि तो तासभर चालतो. पण माझ्या लक्षात आले की मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना, काचेवर वाफ धरतच नाही. उच्छ्वासाचे तापमान असते साधारण ३४ अंश. काच त्याहून गरम असेल तर बाष्प तिच्यावर साचणार कसे? त्या दिवसांत काच खराब होते ती भुवईवरून गळणाऱ्या घामाने, आणि तेथे फवारा निरुपयोगी, कपाळावर टेरीकापडाची पट्टीच लागते. वाफ धरते ती पावसाळ्यात, आणि डिसेंबर-जानेवारीत तर सकाळी काच गार असल्याने पहिल्या श्वासालाच. मग एका मे महिन्यात भर दुपारी काच पांढरी कशी झाली, हे कोडे मला दोन दिवस सुटले नाही. उत्तर पाठीमागे घरघरत होते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मी थेट बाकाकडे वळवला होता. त्याची गार, दमट हवा काचेला उच्छ्वासाहून थंड करत होती. कूलर तिरका करून भिंतीकडे फिरवला आणि काच निवळली. फळ्याही त्या दमटपणाने फुगत होत्या, ते वेगळेच. रबरी मास्क नाकाशी घट्ट बसू लागल्यावर हिवाळ्यातली वाफही निम्म्याहून कमी झाली, कारण ती वाफ म्हणजे मुळात वरच्या फटीतून निसटणारा श्वासच होता. काच वाफाळू लागली की मी आता काच पुसण्याआधी मास्कची कड तपासतो.

चेहऱ्याच्या ढालीची गरज लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचे यंत्र, आल्यावर पडली. कठड्याचे जुने खुंट आणि लाटणी कातताना लाकडात लपलेली चीर उघडली तर अख्खा तुकडा सुटून येतो, आणि तेव्हा डोळ्यांवरचा चष्मा जबड्याला वाचवत नाही. करोनातली फाइलच्या प्लास्टिकसारखी पातळ ढाल येथे कामाची नाही. पॉलिकार्बोनेटची, खूण असलेली हवी, आणि तिच्याखाली सेफ्टीचा चष्मा तरीही हवाच, कारण ढाल मान वर करताच उघडी पडते. उन्हाळ्यात मला गवत कापणाऱ्यांच्या जाळीच्या ढालीचा मोह झाला होता, वारा छान लागतो. पण जाळीतून बारीक कूस आणि धूळ येतेच, म्हणून तो आवरला. खरी अडचण ढाल आणि मास्क यांच्या भांडणाची होती. मान खाली घातली की गालांवरच्या चकत्या ढालीला आतून टेकत आणि मास्क एका बाजूने उचलला जाई. सुटी वस्तू म्हणून दोन्ही उत्तम, एकत्र निरुपयोगी. म्हणून तिसऱ्या खेपेला मी लोहा ओळीत सगळा सरंजाम पिशवीत घेऊन गेलो, दुकानातच चष्मा आणि मास्क चढवला, आणि एकेक ढाल लावून खाली वाकून, मान वळवून, काउंटरवरचा खिळा उचलून पाहिला. मागे गिऱ्हाइके जमली. "काका, चांद्रयानावर चालले का?" असे एकाने विचारले, आणि दुकानदाराने चहा मागवला. चौथी ढाल जमली. तिच्या डोक्यावरच्या कड्याला मागे फिरकी आहे आणि पुढचा भाग दोन बोटे पुढे सरकवता येतो.

त्या ढालीला कोरड्या फडक्याने पुसू नये हेही पहिल्या महिन्यातच शिकलो, कारण भुकटी हीच पेपरचे काम करते आणि ओरखडे उठतात; आधी पाण्याखाली धरायची, मगच टिपायची. कमरेला बॅटरी आणि पंखा असलेले, गाळलेली हवा चेहऱ्यावर सोडणारे शिरस्त्राणही मी एकदा हिंगणा एमआयडीसीतल्या एका स्नेह्याच्या कारखान्यात लावून पाहिले. सैल असल्याने त्यात दाढी चालते, काच वाफाळत नाही, श्वास ओढावा लागत नाही. दिवसभर हे काम करणाऱ्याने त्याचाच विचार करावा. माझ्या लाटण्यांना पाच आकडी किमतीचा खर्च झेपत नव्हता.

पॉलिशच्या वेळी मात्र वरचे सगळे निकामी ठरते. कपाटाला मेलामाइनचे पॉलिश मारताना मी गुलाबी चकत्यांच्या भरवशावर दार अर्धे लोटून बसलो आणि तासाभरात डोके जड झाले, थिनरचा वास मास्कच्या आत तसाच येत होता. कणांची गाळणी वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे वेगळे डबे येतात, युरोपीय पद्धतीत त्यांवर तपकिरी पट्टा असतो, आणि ते त्याच मास्कला लागतात. आता ते लावून, दार पूर्ण उघडून काम करतो.

या सगळ्या काळात धूळच कमी करण्याचा विचार उशिराच आला. १२५ मिलिमीटरच्या सँडरला आठ भोकांची चकती आणि मागे व्हॅक्यूमची नळी लावल्यापासून हवेतली भुकटी डोळ्यांना दिसेल एवढी घटली, आणि जेथे जमेल तेथे मी हातरंधाच चालवतो, त्याची कुरळी साल हवेत उडत नाही. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत पहाटे साडेपाचला काम सुरू करतो आणि नऊला थांबतो. त्यानंतर शेडमध्ये कोणताही मास्क सुखकर नसतो. मशीन बंद झाल्यावर वीसेक मिनिटे मास्क काढत नाही, झाडणेही मास्क लावूनच करतो.

लकडगंजातले एक मिस्त्री अधूनमधून मोठ्या कामाला येतात. आरामशीनवर त्यांची हयात गेली आहे. मी त्यांना व्हॉल्व्हचा मास्क दिला की ते तो मानाने घेतात, शर्टाच्या खिशात ठेवतात आणि दुपट्टा बांधतात. "काका, हे लावलं का दम लागते. आपला दुपट्टा बराय." त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या हाताखाली फळी जशी सरळ होते तशी माझ्या हाताखाली अजून होत नाही. फक्त मागच्या हिवाळ्यात शिसवाची एक चौकट घासताना त्यांना शिंकांवर शिंका आल्या, तेव्हा त्यांनी खिशातला मास्क काढून लावला आणि दुपारच्या डब्यापर्यंत ठेवला. दुसऱ्या दिवशी साग होता, मास्क पुन्हा खिशात गेला.

यंदाच्या मे महिन्यात एक नवी भानगड झाली. शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या मास्कचे डोक्यावरचे पट्टे पत्र्याच्या तावाने ताण सोडून बसले, आणि घट्ट करूनही मास्क नाकावरून उतरू लागला. पट्टे सुटे मिळतात, ते मागवले आहेत. तोवर मास्क, चकत्या आणि चष्मा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून घरात आणून ठेवले आहेत. ती जागा नेमकी पापड-कुरडयांच्या डब्याशेजारची आहे, आणि त्यावरून घरात जे बोलणे चालू आहे ते अजून मिटलेले नाही.